खाण्याच्या आजारातून बरं होताना : ही तुलना करणारी नजर कुठे ठेवायची?

चांदणवेल

नियम आधी सांगते, म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत. या धाग्यावर अंगाचे आकडे लिहायचे नाहीत. किलो नाही, कॅलरी नाही, कंबर नाही. "माझं सगळ्यांत कमी वजन इतकं होतं" हे तर मुळीच नाही. हा आजार झालेल्यांना कारण माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते, असा आकडा वाचला की आमच्यातल्या कितीतरी जणी तो पाठ करतात आणि लगेच स्वतःचा काढून बघतात.

मला अ‍ॅनोरेक्सिया होता. म्हणजे जाड व्हायच्या भीतीने जेवण तोडायचा आजार. 'होता' की 'आहे' यावर माझं आणि माझ्या डॉक्टरांचं एकमत नाही. जेवण बरंचसं जागेवर आलंय, पाळी सुरू झाली, केसांचा गळणारा पुंजका कमी झाला. घरच्यांच्या मते मी सुटले. पण नजर सुटलेली नाही. पीएमटीत वरचा दांडा धरून उभ्या असलेल्या बायकांची मनगटं बघत मी स्वारगेटपर्यंत जाते. ऑफिसात डबे उघडले की कुणाच्या डब्यात किती पोळ्या, कुणी शेवटची अर्धी ठेवली, हे मला न बघता कळतं.

सगळ्यांना वाटतं आम्ही नट्यांकडे बघून आजारी पडतो. माझं त्यांच्याशी कधीच काही नव्हतं, त्या फार लांबच्या. माझी तुलना चालते मावसबहिणीशी, जी माझ्याच वयाची आणि माझ्यासारख्याच हाडापेराची आहे. हॉस्पिटलात शेजारच्या पलंगावर होती त्या मुलीशी. आणि सगळ्यांत जास्त माझ्याच जुन्या फोटोशी. तो काढला तेव्हा मला उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. फोटोत ती दिसत नाही ना.

आता त्याच मावसबहिणीचं लग्न आहे. केळवणं चालू झालीत. केळवण तिचं, आग्रह सगळ्यांना. एक काकू "घे गं, एवढीशी तर जिलबी" म्हणून वाढते आणि तिच्या शेजारची लगेच "तब्येत सुधारली हो हिची!" म्हणते. गिळायची कशी ती जिलबी?

खरी धास्ती पुढची आहे. चुडा भरायला कासार घरी येणार. आमचे कासारकाका खड्या आवाजाचे. हात दाबून बघतात, माप ओरडून मुलाला सांगतात आणि तो पेटीतून बांगड्या काढून देतो. ओळीने सगळ्या बहिणी बसणार, सगळ्यांची मापं सगळ्यांना ऐकू जाणार. हसू नका. तुमचं असं कुठे अडतं? अडलं की काय करता?

सोनटक्का

चांदणवेल, मी ठाण्यात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. हा सल्ला म्हणून नको, गप्पा म्हणून वाच. तुझे उपचार तुझ्या डॉक्टरांकडेच.

१९५४ मध्ये लिऑन फेस्टिंगरने मांडलं होतं की मोजायला ठोस पट्टी नसली की माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून बघतो, आणि तेही आपल्यासारख्याच माणसाशी. म्हणून तुला नटी खुपत नाही, मावसबहीण खुपते. ताडून बघतात सगळेच. या आजारात बिघडते ती निवड आणि बघण्याची तऱ्हा. लक्ष्मी रोडवर शंभर बायका समोरून गेल्या तर तुझ्या लक्षात राहतात त्यांतल्या चार बारीक. शिवाय स्वतःला तू बघतेस आरशाला नाक लावून, नेमका खुपणारा भाग पकडून. दुसरीला बघतेस दहा पावलांवरून, नेसल्या-सवरलेली, पुढच्या क्षणी गर्दीत जाणारी. हा सामना बरोबरीचा कसा होणार?

ऑक्सफर्डच्या क्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बांधलेल्या उपचारपद्धतीत या ताडून बघण्यावर वेगळं काम केलं जातं. मी एक प्रयोग देते. रस्त्याने जाताना आपल्या वयाच्या दर तिसऱ्या बाईकडे बघायचं. निवड आपली नाही, तिसरी जी येईल ती. कंटाळवाणा प्रयोग आहे, आणि तो कंटाळाच कामाचा असतो. बायका किती तऱ्हेच्या असतात हे मग कुणी सांगावं लागत नाही. मात्र आजार जोरात असताना एकटीने करू नका, तुमच्या थेरपिस्टला विचारून करा.

तात्या_बारामतीकर

राग मानू नका पोरींनो. आम्ही बहात्तरचा दुष्काळ काढलाय. खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय, अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, खाल्लाय. भाकरी मिळाली की देवाला हात जोडायचे. तेव्हा ताटातलं नको झालेली एक पोर बघितली नाही. हे पोट भरलेल्यांचे आजार.

रानजाई

तात्या, भुकेचंच उदाहरण देते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण घेतले. लढाईवर जायला सद्सद्विवेकाने नकार दिलेली माणसं, स्वतःहून पुढे आलेली. युद्धानंतर उपाशी युरोपाला पुन्हा खायला कसं घालायचं, हे शोधायचं होतं. २४ आठवडे त्यांना जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेवलं. या तरुणांना बारीक व्हायची हौस नव्हती, आरशाचं वेड नव्हतं. तरी काय झालं? दिवसभर खाण्याच्याच गप्पा. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. एकेक जेवण तास-दोन तास पुरवायचे, ताटं चाटायचे. आणि अंगाची हाडं दिसत असताना काहींना आपण फार बारीक झालोय असं वाटेना, बाकीची माणसं जाड वाटायला लागली.

म्हणजे आधी नजर बिघडते आणि मग जेवण सुटतं, असं दर वेळी नसतं. जेवण सुटलं की नजरही बिघडते. तुमच्या दुष्काळातल्या माणसांना खायची भीती नव्हती, हा मोठा फरक आहे आणि तो मान्य. पण उपाशी मेंदू काय करतो ते पोट भरलेल्यांनाही चुकत नाही.

यातून बऱ्या होणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं आणखी एक. पोटभर खायला मिळू लागल्यावरही त्या तरुणांची भूक कित्येक महिने आवरेना. मला बरं होताना अशी भूक लागली तेव्हा वाटलं, झालं, आता मी राक्षस झाले. ३६ जणांची ही गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

तात्या_बारामतीकर

वाचलं. पण नट्यांमुळे नाही म्हणता, भरल्या घरात होतो म्हणता, मग कशाने होतो ते तरी सांगा.

सोनटक्का

तात्या, एक कारण सांगता येत नाही. काही भाग आनुवंशिक असतो. काहींची सुरुवात साध्या डाएटपासून होते, काहींची आजारपणात वजन उतरल्यापासून, काहींची कुणाच्या तरी एका बोलण्यापासून. बाहेरचं जग काय करू शकतं याचं उदाहरण फिजीचं. तिथे भरलेलं अंग कौतुकाचं, कुणी बारीक झालं की घरच्यांनी नीट बघितलं नाही म्हणायचे. म्हणजे आपल्या आज्यांसारखेच. १९९५ मध्ये नाद्रोगा भागात टीव्ही पोचला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. वजनासाठी उलटी काढते असं सांगणारी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी शंभरात अकरा होत्या. अभ्यास लहान होता, दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या आणि प्रत्येकी साठ-पासष्टच. त्यामुळे टीव्हीने आजार दिला असं मी म्हणणार नाही. पण तीन वर्षं हा काळ किती थोडा, बघा.

कट्ट्यावरची_मनी

एवढं कशाला? इन्स्टा उडवा, प्रश्न मिटला. खुद्द फेसबुकच्या आतल्या कागदांत होतं की आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या तीनातल्या एका मुलीला इन्स्टामुळे आणखी वाईट वाटतं. २०२१ मध्ये बाहेर आलं होतं ते सगळं.

गव्हाळ

मने, उडवलं होतं. मग मी व्हॉट्सअ‍ॅपचे डीपी बघायला लागले. नंतर सोसायटीच्या गणपतीतले फोटो. नजरेला काहीही चालतं. आणि इन्स्टावरची मला सगळ्यांत जड गेलेली खाती मॉडेलांची नव्हती, 'मी बरी झाले' वाल्यांची होती. डावीकडे हाडं, उजवीकडे हसरा चेहरा आणि हातात डोसा. मी फक्त डावीकडचं बघायचे.

माझं चांदणवेलपेक्षा उलटं आहे, म्हणून लांबलचक लिहितेय.

मी कधी बारीक नव्हतेच. लहानपणापासून 'गुटगुटीत', मग 'खात्यापित्या घरची', मग 'चेहरा किती गोड आहे गं'. कॉलेजात खाणं सोडलं आणि वजन झरझर उतरायला लागलं. तरीही मी लोकांच्या लेखी 'नॉर्मल'पर्यंतच आले होते. म्हणजे आजारी दिसत नव्हते. नाडी इतकी मंद की ईसीजी काढणाऱ्या बाईंनी पट्ट्या दोनदा लावून बघितल्या. त्याच महिन्यात बिल्डिंगमधल्या तीन काकूंनी मला गाठून डाएट विचारलं. एकीने वहीत लिहून घेतलं. मी सांगितलंही, उत्साहाने सांगितलं. माझ्या आयुष्यात मला इतका मान कधी मिळाला नव्हता.

निदान झालं तेव्हा कागदावर 'अ‍ॅटिपिकल' असा शब्द होता, म्हणजे नेहमीच्या साच्यात न बसणारा. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, हा प्रकार नोंदवलाय. अ‍ॅनोरेक्सियाचं बाकी सगळं आहे, फक्त वजन तितकं खाली नाही. हृदयाला, रक्तातल्या क्षारांना धोका तेवढाच. पण त्या शब्दाने माझं डोकं फिरलं. गटउपचारात गोल करून बसायचो आणि मी प्रत्येकीकडे बघून ठरवायचे, ही खरी आजारी, ही खरी आजारी, मी नक्कल. मग वाटायचं, आधी नीट आजारी होऊन दाखवू, बरं व्हायचं नंतर बघू.

हे मी गटात कधी बोलले नाही. एक दिवस सगळ्यांत बारीक मुलगीच बोलली. तिला वाटायचं की ती पुरेशी आजारी नाही, कारण तिच्याआधी त्या खुर्चीत बसायची ती मुलगी आयसीयूत गेली होती. मी थक्क झाले. जिच्याशी मी ताडत होते तीही कुणाशी तरी ताडत बसलेली. 'पुरेसं' आजारी असणं कुठे येतच नाही हे तिच्या तोंडून ऐकल्यावर पटलं, डॉक्टर तेच सांगत होते तेव्हा पटलं नव्हतं.

बऱ्या होणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते, वजन भरताना ते आधी पोटावर दिसतं. मला वाटायचं हे फक्त माझंच. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणींना सुरुवातीला पोटाशीच भरतं, वजन टिकवलं की वर्षभरात हळूहळू सगळीकडे सारखं होत जातं. तोवर नाडीचा परकर बदलून इलॅस्टिकचा घाला. नाडीची गाठ म्हणजे रोजची मोजपट्टी.

पैलवान_नाही

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? कोल्हापूरकडचा आहे. आमच्याकडे तालमीत थोराड अंग म्हणजे इज्जत. मी जिममध्ये गेलो आणि उलटं वेड लागलं. दंड लहानच दिसायचे, लोक काय वाटेल ते म्हणोत. घरी तांबडा-पांढरा रस्सा व्हायचा आणि मी उकडलेल्या कोंबडीचा डबा घेऊन वेगळा बसायचो. मित्राच्या लग्नात जेवलो नाही. याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात हे फार उशिरा कळलं, कारण सगळे म्हणायचे, पोरगं शिस्तीचं आहे.

माझा उपाय साधा होता. आरशासमोरची जागा सोडली. भिंतीकडे तोंड करून व्यायाम. पहिला महिना असह्य.

बांगडीवाली

चांदणवेल, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कासाराचाच धंदा, म्हणून लिहिते. कासार हात दाबतो तो मनगट बघायला नाही. बांगडी अडते पंज्यावर, अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या गाठींवर. हाड आणि हाताचा मऊपणा बघावा लागतो. मऊ हात असेल तर भरल्या अंगाच्या बाईलाही लहान माप चढतं, आणि काटकुळ्या बाईचा हात कडक असेल तर मोठं काढावं लागतं. मनगटाशी माझ्या सासऱ्यांना काही देणंघेणं नसायचं.

आणि मावशीला सांग, काकांना आधीच फोन करून ठेव म्हणावं. 'मापं ओरडू नका' एवढंच. कारण विचारणार नाहीत. बायका हजार गोष्टी सांगतात आम्हाला.

सोनटक्का

बांगडीवाली, कित्ती उपयोगी लिहिलंत! पण चांदणवेल, एक टोचणी. 'माप हाडावर ठरतं' हे वाचून तुला बरं वाटलं असेल, आणि त्या बरं वाटण्यावरच लक्ष ठेव. उद्या बहिणीचं माप तुझ्यापेक्षा लहान निघालं तर 'तिचा हात मऊ असेल' म्हणून तू सुटशील, पण मोजणी चालूच राहील. फोनवाला उपाय मला जास्त आवडला.

गव्हाळ

+१. मी दिलाशावर वर्षं काढली. "मी जाड दिसतेय का?" "नाही गं." दहा मिनिटं शांत. पुन्हा तेच. शेवटी नवऱ्याला थेरपिस्टने सांगितलं, उत्तरच देऊ नका. पहिल्यांदा तो "आज भाजी कोणती आणू?" म्हणाला तेव्हा मी उशी फेकून मारली होती.

थेम्सकाठची

इंग्लंडमधून लिहितेय. इथे एप्रिल २०२२ पासून मोठ्या हॉटेलांना मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी छापाव्या लागतात. हेतू वेगळा, पण आम्हा लोकांची पंचाईत. ऑफिसची मंडळी जेवायला बसली की मी पदार्थ वाचतच नाही, शेजारणीने मागवलं त्याच्या खालचा आकडा शोधते. खूप जणांना माहीत नसतं की आकडे नसलेला मेनू मागता येतो, तशी मुभा नियमातच आहे. सगळीकडे तयार नसतो, पण मी आदल्या दिवशी फोन करून विचारते. भारतातून इथे शिकायला येणाऱ्या मुलींनी लक्षात ठेवा.

चांदणवेल

सगळ्यांना उत्तर देता येत नाहीये, पण प्रत्येक ओळ वाचलीय. तात्या, तुम्हीही थांबा, जाऊ नका.

मावशीने फोन केला. काका मापं ओरडले नाहीत, बोटांनी खुणा करत होते. आणि मी सगळ्या खुणा वाचल्या. प्रत्येक बहिणीचं माप मला आत्ता या क्षणी पाठ आहे. तर असं. मात्र जेवण चुकवलं नाही. मागच्या वर्षी अशा दिवशी रात्रीचं ताट परत गेलं असतं. माझ्या थेरपिस्ट बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, नजर गेली तर जाऊ दे, तिच्या मागोमाग हात ताटावरून उठला नाही ना, सध्या एवढंच बघू.

दूर्वाची_आई

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझी मोठी मुलगी पंधरा वर्षांची, चार महिन्यांपासून उपचार चालू आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय की सध्या ताट आम्ही भरायचं, तिने ठरवायचं नाही. तसं करतोय. अडचण धाकटीची. ती चिमणीसारखी खाते, पहिल्यापासूनच. मोठी तिच्या ताटात बघते आणि म्हणते, तिला एवढंच, मग मला का? धाकटीला जबरदस्तीने जास्त वाढू का?

रानजाई

नका हो काकू, मग दोघींचं बिघडेल. आमच्या घरी आई एकच वाक्य म्हणायची, "तिचं ताट तिचं, तुझं औषध तुझं." वाद घालायची नाही, समजावत बसायची नाही. मी चिडायचे, रडायचे, ती तिथेच बसून राहायची. काही दिवस धाकट्या भावाला बाबांबरोबर आधी जेवायला बसवलं, तेही चाललं.

सोनटक्का

रानजाईशी सहमत. मोठीला सध्या धाकटीपेक्षा जास्तच लागणार, अंगाची झीज भरून काढायची आहे. जेवताना कुणाच्याही खाण्यावर बोलणं नको, "आज छान खाल्लंस" हेसुद्धा नको. कुठलेही दुसरे विषय चालतील. आणि चक्कर, छातीत धडधड, पायांवर सूज, खूप गळून जाणं यातलं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल. रात्री-अपरात्री नुसतं बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस १४४१६ ही लाइन आहे, मराठीत बोलता येतं.

दूर्वाची_आई

मनापासून आभार. अजून एक विचारते. पुढच्या सोमवारी शाळेत आरोग्य तपासणी आहे. प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना असतो ना, त्यासाठी. वर्गात ओळ लावून काटा ठेवतात आणि बाई मोठ्याने सांगतात, मॉनिटर लिहून घेते. हिला त्या दिवशी घरी ठेवू?

सोनटक्का

घरी ठेवलंत तर मंगळवारी एकटीला बोलावून करतील, ते जास्त वाईट. चिठ्ठी द्या. आजाराचं नाव लिहायची गरज नाही. "डॉक्टरांच्या सूचनेनुसार तिचं वजन दवाखान्यातच केलं जातं. शाळेत करू नये. रकाना कोरा ठेवावा." बास. डॉक्टरांची सही मिळाली तर उत्तम.

गव्हाळ

आणि मॉनिटर कोण आहे तेही बघा.

दूर्वाची_आई

चिठ्ठी दिली. बाईंनी वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, "मग बाकीच्या मुलींचंही एकेकीला स्टाफरूममध्ये बोलावून घेऊ का? दोघी-तिघी दर वर्षी त्या दिवशी गैरहजर असतात, मला वाटायचं योगायोग." मी हो म्हटलं. मॉनिटरला लिहायला बसवणार नाहीत, बाई स्वतः लिहिणार आहेत.